आगकाडीपासून लोकरीपर्यंत

(अ‍ॅनिमेशन लघुपटांतील कथा आणि शैली यांचे वैविध्य या विषयावर नांदेड येथे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेल्या महिन्यात लातूरला पालकांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा प्रसंग आला. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ बाजूला थांबून राहिले होते. गर्दी ओसरल्यावर जवळ आले आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्या हातात दिली. भौतिकशास्त्राची वही. मुलगी अकरावीत, 'नीट'च्या शिकवणीला जाणारी. ते म्हणाले, ''सर, तुम्ही तीस वर्षे चित्रकला शिकवलीत. आमच्या मुलीला तुम्हीच दोन शब्द समजावून सांगा. वहीभर हेच चाललेलं असतं, आणि गुण घसरत चाललेत.'' मी वही उघडली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिमणी काढलेली होती. पहिल्या पानावर पंख मिटलेले, दुसऱ्या पानावर किंचित उघडलेले, तिसऱ्यावर अधिक. अंगठ्याखालून भराभर पाने सोडली, तेव्हा ती चिमणी उडाली आणि पानाबाहेर निघून गेली.

त्या गृहस्थांना काय उत्तर दिले, ते मी शेवटी सांगणार आहे. कारण ते उत्तर नीट कळण्यासाठी आधी ती चिमणी कोणत्या कुळातली आहे, हे समजून घेतले पाहिजे. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या चिमणीची वंशावळच आहे, असे समजा.

निर्जीवात चेतना

'अ‍ॅनिमेशन' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर दिवसभर चालणारी कार्टून, मोठ्या डोळ्यांची पात्रे, आरडाओरडा, मारामारी. आणि ज्यांनी परदेशी चित्रपट पाहिले आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर संगणकावर तयार झालेली गुळगुळीत, चकाकणारी दुनिया. या दोन प्रतिमांच्या पलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. वस्तुतः मराठीत या कलेला 'सचेतनपट' असा एक अत्यंत समर्पक शब्द आहे. जे निर्जीव आहे त्याच्यात चेतना निर्माण करणारा तो सचेतनपट. मग ते निर्जीव म्हणजे कागदावरची रेषा असेल, मातीचा गोळा असेल, वाळू असेल, कापडाचा तुकडा असेल किंवा ज्वारीचे दाणे असतील. या कलेला कशाचेही वावडे नाही.

हिचे गणितही साधे आहे. चित्रपटात एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांसमोरून सरकतात. सचेतनपटात एकेक चित्र दोन चौकटींपर्यंत धरून ठेवले, तरी एका सेकंदाला बारा चित्रे, एका मिनिटाला ७२० आणि पाच मिनिटांच्या छोट्याशा लघुपटाला ३६०० चित्रे लागतात. ही संख्या मुद्दाम सांगतो. जो पाच मिनिटांचा सचेतनपट आपण चहा पिता पिता पाहून टाकतो, तो एखाद्या माणसाच्या आयुष्याची दोन-तीन वर्षे घेऊन आलेला असतो. जपमाळेतले मणी ओढावेत तसे एकेक चित्र ओढीत बसण्याची ही साधना आहे. आणि इतके कष्ट ज्याला पडतात, तो कलावंत एकही चित्र वाया घालवीत नाही. म्हणूनच लघुपटाच्या थोड्याशा वेळात अनेकदा एखाद्या कादंबरीचा ऐवज सापडतो.

या कलेचे भारतातील पहिले पाऊल आपल्याच माणसाने टाकले, हे आपण विसरता कामा नये. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत अंकुर फुटण्यापासून वेल वाढण्यापर्यंतची क्रिया टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. तो पाहूनच त्यांच्या पुढच्या उद्योगाला भांडवल देणारा माणूस तयार झाला. भारतीय चित्रपटसृष्टीचे भांडवल एका वाटाण्याच्या रोपाने उभे केले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पुढे १९१५च्या सुमारास फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात आगकाड्या हलतात, सरकतात, आकार धारण करतात. हाताशी काय होते? एक काडेपेटी. त्यांनी तेवढ्यावर काम भागवले.

ही काडेपेटी लक्षात ठेवा. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

गोष्ट आपले साहित्य मागते

चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आता सांगतो. शैली हा कथेवर चढवलेला दागिना नाही. प्रत्येक कथा स्वतःचे साहित्य मागून घेते. काही उदाहरणे पाहू.

कॅनडात नॉर्मन मॅकलॅरेन नावाचे थोर कलावंत होऊन गेले. त्यांचा १९५२चा 'नेबर्स' हा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट. दोन शेजारी खुर्च्या टाकून सुखाने बसले आहेत. दोघांच्या हद्दीवर एक फूल उगवते. हे फूल कोणाचे? प्रथम हसतखेळत, मग कुंपण घालून, मग हाणामारी करून, शेवटी एकमेकांची घरेदारे उद्ध्वस्त करून दोघेही मरतात. फूल तर केव्हाच चिरडलेले असते. यात चित्रे नाहीत. जिवंत माणसांनाच बाहुलीप्रमाणे एकेक चौकट हलवून चित्रित केले आहे. त्यामुळे ती माणसे चालत नाहीत, जमिनीवरून घसरत जातात. रागावतात तीही यंत्रासारखी. माणूस वैराने पेटला की तो कळसूत्री बाहुली होतो, हे सांगायला याहून योग्य शैली कोणती? आपल्या भागातल्या कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसा. बांधावरून निघालेली भावकीची प्रकरणे दोन-दोन पिढ्या चाललेली दिसतील. मी हा लघुपट एका खेड्यात दाखवला, तेव्हा एक म्हातारे शेतकरी एवढेच म्हणाले, ''हे तर आमच्या गावातलंच हाय की.''

आपल्याच गुजरातेत खेड्यात वाढलेले इशू पटेल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात काम करताना १९७७ साली 'बीड गेम' केला. साहित्य काय, तर रंगीबेरंगी मणी. हजारो मणी मांडायचे, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचे. मण्यांचा एक जीव तयार होतो, दुसरा त्याला गिळतो, त्या दुसऱ्याला तिसरा गिळतो, आणि हा प्रवास माणसाच्या युद्धापर्यंत, अणुबाँबपर्यंत जातो. तेच मणी प्रत्येक वेळी नव्या रूपात येतात, त्यामुळे सारे जीव एकाच द्रव्याचे बनले आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. हा लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

रशियाच्या युरी नॉर्स्टाइन यांचा 'हेजहॉग इन द फॉग' हा १९७५चा, जेमतेम दहा मिनिटांचा. एक छोटा साळू आपल्या अस्वलमित्राकडे तारे मोजायला निघतो आणि वाटेत धुक्यात शिरतो. एवढीच कथा. पण ते धुके पाहताना आपलाही हात समोरचे चाचपू लागतो. कागदाचे कातरलेले तुकडे काचेच्या थरांवर मांडून आणि पातळ कागदाचा पडदा पुढे-मागे सरकवून त्यांनी ते धुके निर्माण केले. आणि जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२२ साली सिंड्रेलाची कथा काळ्या कागदाला केवळ कात्री लावून सांगितली. नुसत्या सावल्यांचा खेळ.

सावल्यांचा खेळ म्हटल्यावर आपल्याला सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत आठवले पाहिजेत. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवून ते रामकथा सांगत आले. त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि आपल्या मराठवाड्यात? आपल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची शैली आहे. एकामागून एक चित्र पुढे धरायचे आणि रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगायचे. चित्रे थांबलेली असत आणि त्यांना गती देण्याचे काम गायकाचा आवाज करीत असे. चौकटीमागून चौकट हा विचार आपल्याला परका नव्हता. आपण तो विसरलो, इतकेच.

आपल्या देशातील वाटचाल

फाळक्यांनंतर १९३०च्या दशकात पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा छोटा व्यंगपट करून पाहिला. मात्र या कलेला स्थिर पाया मिळाला, तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभागातील तरुणांना शिकवण्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्या प्रशिक्षणातून १९५७ साली 'द बनियन डियर' हा लघुपट तयार झाला. कथा जातकातील सुवर्णमृगाची. जातककथा अजिंठ्याच्या भिंतींवर शतकानुशतके रंगवलेल्या आहेत. त्या परंपरेतली एक कथा आता हलू लागली, असे म्हणता येईल. त्या पिढीतील राम मोहन यांनी पुढे आयुष्यभर ही कला वाढवली. मुलींच्या शिक्षणाचा विषय घराघरांत नेणारी 'मीना' ही त्यांच्याच हातची, आणि जपानी कलावंतांसह साकारलेल्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' या चित्रपटाच्या दिग्दर्शकांतही ते होते. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता ज्या लघुपटाचे नाव घेताच या सभागृहातील चाळिशी ओलांडलेल्या सर्वांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल, त्याविषयी. 'एक अनेक और एकता', १९७४. पारध्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरे एकत्र जोर लावून जाळ्यासकट उडतात, ही हितोपदेशातील जुनी कथा. दूरदर्शनच्या काळात तो लघुपट ज्याने पाहिला नाही असे मूल विरळा. तो विजया मुळे या मराठी विदुषीने केला, त्याचे संगीत वसंत देसाई यांचे आणि चित्रांकन भीमसेन यांचे. सात मिनिटांच्या त्या लघुपटात उपदेश आहे, पण उपदेशाचा आव नाही. रेषा साध्या, रंग मोजके, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. लहान मुलाने काढावीत तशी चित्रे. म्हणूनच ती लहान मुलाच्या मनात जाऊन बसली. एका राष्ट्राची एकात्मता शिकवायला त्या मंडळींना ना सेनापती लागला, ना तलवार. एक चिमणी पुरली.

आणि आता ती काडेपेटी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा लघुपट तयार केला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. शहरातल्या एका घरात एक वृद्धा आणि तिची मांजर. बाहेरचे जग करडे, रंगहीन. वृद्धेचा एकच छंद, काडेपेट्या जमवण्याचा. प्रत्येक काडेपेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि तिथे रंगांची एक नवी सृष्टी उघडते. त्या लघुपटाला २००६ साली कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तीन पुरस्कार मिळाले. फाळक्यांनी काडेपेटीतील काड्यांना नाचवले आणि नव्वद वर्षांनी एका मराठी शहरातील कलावंत स्त्रीने काडेपेटीवरच्या छापील चित्रात जग पाहिले. दोघांनीही अगदी घरातली, दोन बोटांत मावणारी वस्तू उचलली.

मुंबईतच सुरेश एरियत यांच्या चमूने 'टोकरी' हा लघुपट मातीच्या बाहुल्यांतून साकारला. वडिलांचे जपून ठेवलेले घड्याळ मुलीच्या हातून बिघडते आणि ते दुरुस्त करण्यासाठी ती पोर रस्त्यावर टोपल्या विकायला उभी राहते. माणसांच्या चेहऱ्यांवर घडवणाऱ्याच्या बोटांचा स्पर्श जाणवतो. २०१७च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. त्याच चमूचा 'देसी ऊन' हा लघुपट आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीविषयी आहे, आणि तो लोकरीनेच घडवला आहे. त्याला २०२५ साली फ्रान्समधील आनेसी येथील, या कलेच्या जगप्रसिद्ध महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबूया. दख्खनी मेंढी कुठली? आपल्या माळरानांवरची. घोंगडी कोणाची? आपल्या धनगर बांधवांची, आपल्या आजोबांच्या खांद्यावरची. ती घोंगडी आपण माळ्यावर टाकली, बाजारातून झुळझुळीत रजई आणली, आणि फ्रान्समधल्या परीक्षकांनी त्या लोकरीला दाद दिली. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपण माळ्यावर पाहिलेलेच नसते.

विषय आपला, रेषा कोणाची?

येथे एका प्रश्नाला स्पष्टपणे भिडले पाहिजे. २००५ साली 'हनुमान' हा चित्रपट आला. फिल्म्स डिव्हिजनच्या परंपरेतील अनुभवी कलावंत व्ही. जी. सामंत यांनी तो दिग्दर्शित केला आणि मुलांनी तो डोक्यावर घेतला. त्यानंतर पौराणिक विषयांवरच्या कार्टूनांची लाट आली. आपल्यापैकी अनेकांना त्याचा आनंद झाला, मलाही झाला. परदेशी नायकांऐवजी मुलांच्या तोंडी आपल्या देवादिकांची, वीरांची नावे येऊ लागली.

परंतु चित्रकलेचा शिक्षक म्हणून त्या लाटेतील पुष्कळशा कृती बारकाईने पाहिल्यावर मी अस्वस्थ झालो. नाव आपले, पण दंडाच्या बेटकुळ्या परदेशी व्यायामवीराच्या. राक्षस आपला, पण त्याचे हसणे दुसऱ्याच कार्टूनमधून उचललेले. युद्ध कुरुक्षेत्रावरचे, पण स्फोट व्हिडिओ गेममधले. विषय स्वदेशी आणि हात परका. आपण मुलांना आपली कथा देत आहोत अशा समाधानात होतो आणि प्रत्यक्षात त्यांच्या डोळ्यांना परक्या साच्याची सवय लावीत होतो.

स्वत्व केवळ विषयात नसते, ते रेषेत असते, रंगात असते, लयीत असते. वारलीच्या काडीसारख्या माणसात स्वत्व आहे, पैठणच्या चित्रकथीतील मोठ्या डोळ्यांत आहे, तांड्यावरच्या बंजारा भगिनीच्या टाक्यात आणि आरशात आहे. उलट बाजूनेही पाहा. 'नेबर्स'मध्ये एकही भारतीय माणूस नाही, पण तो आपल्या बांधावरची गोष्ट सांगतो. म्हणजे चांगल्या परदेशी कृतीने आपले काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या रेषेची बेमालूम नक्कल केल्याने बिघडते. या भेदाकडे आपले लक्ष गेले पाहिजे.

मराठवाड्याच्या कथा वाट पाहत आहेत

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळतो. नांदेड आणि लातूर. येथे कोणत्या कथा आहेत आणि त्यांना कोणती शैली शोभेल?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली आणि पहाटे चारच्या आधी किल्लारीची धरणी हादरली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या रात्री जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या मुलांना ती रात्र कोणी सांगितली आहे का? नीना सबनानी या कलावंत प्राध्यापिकेने २००९ साली 'टांको बोले छे' नावाचा लघुपट केला. त्यात कच्छच्या कारागीर स्त्रिया आपले स्थलांतर, आपली नवी वस्ती आणि २००१चा भूकंप स्वतःच्या आवाजात सांगतात आणि चित्रे म्हणून हलते ते त्यांचेच भरतकाम. टाका बोलतो, असे त्या शीर्षकातच आहे. भूकंपाची बातमी छायाचित्रांनी दिली होती. त्याची आठवण मात्र त्या स्त्रियांनी सुईने सांगितली. किल्लारीच्या आया-बहिणींच्या गोधडीलाही बोलता येईल. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी म्हणजे घराची चित्रवहीच असते. परंतु ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांचे वय वाढत चालले आहे. हे काम आज झाले नाही तर कधीच होणार नाही.

दुसरी कथा दुष्काळाची. फ्रेडरिक बॅक यांचा 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' हा १९८७चा अर्ध्या तासाचा लघुपट. ओसाड डोंगराळ मुलखात एक एकटा मेंढपाळ रोज निवडून निवडून ओकच्या बिया जमिनीत पेरतो. दोन महायुद्धे होऊन जातात, त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो पेरीत राहतो. काही दशकांनी तिथे अरण्य उभे राहते, आटलेले झरे वाहू लागतात, सोडून गेलेली माणसे परत येतात. बॅक यांनी एका सहायिकेच्या मदतीने रंगीत पेन्सिलींनी सुमारे वीस हजार चित्रे काढली. सुरुवातीला चित्रांत माती आणि राख यांचेच रंग आहेत. हिरवा येतो तो हळूहळू, बी रुजावे तसा. बी पेरणारा आणि चित्रे काढणारा, दोघांचाही धर्म एकच, धीराचा. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्यांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या लातूरकरांना हा लघुपट उपदेश वाटणार नाही, तो आपलाच वाटेल.

त्याच उन्हाळ्यात मी लातूरला मुलांचे एक शिबिर घेतले होते. शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. मुलांना म्हटले, तुम्हाला हवी ती गोष्ट करा. साहित्य फक्त घरातले वापरा. कॅमेरा म्हणजे एक साधा मोबाइल, विटांच्या दोन थप्प्यांवर पट्टी टाकून तिला बांधलेला. पाच मुलांनी बाटल्यांची झाकणे गोळा केली. प्रत्येक झाकण म्हणजे एक घागर. त्यांच्या गोष्टीत रात्री सगळी माणसे झोपतात आणि घागरी स्वतःच उठून, एकामागून एक, रांगेत जाऊन उभ्या राहतात. एक छोटी घागर रांगेत पेंगते आणि मागची मोठी तिला हळूच पुढे ढकलते. चाळीस सेकंदांचा लघुपट. ४८० छायाचित्रे. तो पाहताना एका मुलाची आई पदराने डोळे पुसत होती. मी विचारले, तर म्हणाल्या, ''रांगेत रोज हाच पेंगायचा, आणि मी ढकलायची.'' अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईचे कष्ट पाहिले होते, मनात ठेवले होते आणि बोलून दाखवले नव्हते. झाकणांनी ते बोलून दाखवले.

तिसरी कथा सांगून हा भाग संपवतो. हॉलंडचे मायकेल डुडॉक डी विट यांचा 'फादर अँड डॉटर' हा २००० सालचा, आठ मिनिटांचा लघुपट. वडील मुलीचा निरोप घेऊन होडीतून निघून जातात. मुलगी ऋतूमागून ऋतू, वर्षामागून वर्ष सायकलवरून त्या काठावर येऊन पाहत राहते. तरुण होते, आई होते, म्हातारी होते. एकही शब्द नाही. कोळशाच्या करड्या रेषा आणि लांबच लांब सावल्या. आपल्या भागातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जोडपी निघतात. आजी-आजोबांजवळ राहिलेली मुले गावच्या फाट्यापर्यंत ट्रॅक्टरमागे धावत जातात. तो फाटा आणि ती धुळीत दिसेनाशी होणारी ट्रॉली कोणी कोळशाने काढील का?

घराघरांत काय करता येईल?

आपल्या परीने काय करता येईल, याचाही विचार करू. मुलांना पडद्यापासून तोडा, असे मी म्हणणार नाही; ते कोणाच्या हाती राहिलेले नाही. परंतु आठवड्यातून एकदा, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, एक सचेतन लघुपट सर्वांनी मिळून पाहावा. आई-वडिलांनी तो आधी पाहून घ्यावा, कारण प्रत्येक सचेतनपट मुलांसाठीच असतो हा एक मोठा गैरसमज आहे. पाहून झाल्यावर मुलांना तात्पर्य विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. हे कशाने बनवले असेल? याच वस्तूने का बनवले असेल? आणि आपल्या घरातली कोणती गोष्ट, कोणत्या वस्तूने सांगता येईल? संध्याकाळी मैदानावर मुलांना गोष्टी सांगणारे जे कार्यकर्ते येथे बसले आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा गोष्ट सांगण्याऐवजी मुलांकडून ती करवून घ्यावी. ज्वारीचे दाणे, चिंचोके, काडेपेटी आणि एक मोबाइल, एवढे भांडवल पुरेसे आहे.

आणि मुलाला याच क्षेत्रात जायचे असेल तर? येथे पालकांनी डोळस असले पाहिजे. या क्षेत्रात झगमगाट कमी आणि मेहनत फार. मोठ्या शुल्काच्या बदल्यात नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती पाहून प्रवेश घेऊ नका; तिथे शिकून गेलेल्या चार मुलांना आधी भेटा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, मुंबई आयआयटीतील आयडीसी, पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, मुंबईचे जे. जे., या सार्वजनिक संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशाची तयारी करावी लागते आणि ती आपल्या गावात बसूनही सुरू करता येते. ती तयारी म्हणजे रोज डोळ्यांनी पाहणे आणि हाताने काढणे.

ती चिमणी

आता त्या लातूरच्या गृहस्थांकडे परत येतो. मी त्यांना विचारले, ''तुमच्या लहानपणी तुम्हाला पहिली गोष्ट कोणती सांगितली होती?'' ते हसले. म्हणाले, ''चिऊ-काऊची. आणखी कोणती?'' मी त्यांना सांगितले की शेणाचे आणि मेणाचे घर असलेली ती कथा सातशे वर्षांपूर्वीच्या 'लीळाचरित्रा'त आलेली आहे. गोदाकाठच्या मातीत चक्रधर स्वामींनी जी कथा सांगितली, ती आजीच्या तोंडून नातवंडापर्यंत एवढी वर्षे चालत आली. ''तुमच्या मुलीच्या वहीतली ही चिमणी तीच आहे. आजवर ती फक्त ऐकू येत होती. तुमच्या मुलीने तिला उडवले.''

ते काही वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी अगदी व्यवहारातला प्रश्न विचारला, ''पण सर, परीक्षेचं काय?'' प्रश्न योग्यच होता. प्रपंच चालवणाऱ्या बापाला तो पडलाच पाहिजे. मी म्हटले, ''परीक्षा देऊ द्या, मनापासून अभ्यास करू द्या. ती डॉक्टर झाली तर आनंदच आहे. फक्त तिला एक निराळी कोरी वही आणून द्या. भौतिकशास्त्राच्या वहीत भौतिकशास्त्र राहील आणि चिमणीला तिची स्वतःची वही मिळेल. वर्षभराने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा आणि मग तिघांनी मिळून ठरवा.''

त्यांनी वही पिशवीत ठेवली. जाता जाता दारात थांबले, ती पुन्हा बाहेर काढली आणि अंगठ्याखालून पाने सोडून पाहिली. एकदा, मग आणखी एकदा.